पाण्याच्या तुषारांतून येणारा आजार आणि त्याच्या उगमाचा शोध



वार्षिक अहवालात ताळेबंद व जमाखर्चाच्या पत्रकांच्या जोडीला आरोग्यविषयक एखादा माहितीपर लेख देण्याचा आपला प्रघात आहे. यंदा त्यासाठी ‘लीजनेअर्स आजार’ हा विषय निवडला आहे. हे नाव अनेकांच्या कानावरून गेलेले नसेल. हा एक प्रकारचा न्यूमोनिया असून तो माणसाकडून माणसाला होत नाही, तर दूषित पाण्याच्या सूक्ष्म तुषारांतून होतो. साहजिकच तो जिथे होतो तिथे प्रश्न औषधोपचारांपुरता राहत नाही. इमारत, टाक्या, नळ आणि वातानुकूलन यांच्या देखभालीचा होतो. म्हणजेच तो जितका डॉक्टरांचा, तितकाच व्यवस्थापनाचा आणि विश्वस्तांचा प्रश्न आहे.

प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, वैद्यकाचा नव्हे. तथापि या आजाराचा उगम शोधण्याची रीत वाचताना हिशेब तपासणीची वारंवार आठवण होते. प्रत्येक नोंदीला पुरावा मागायचा, दोन वह्या एकमेकींशी ताडून पाहायच्या आणि मेळ बसेपर्यंत थांबायचे नाही, हीच ती रीत होय. तिची सुरुवात जिथून झाली, त्या घटनेपासूनच प्रारंभ करू.

फिलाडेल्फियातील अधिवेशन

१९७६ हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचे द्विशताब्दी वर्ष. ज्या फिलाडेल्फिया शहरात स्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वीकारला गेला, तिथे त्या वर्षी जुलैच्या २१ ते २४ तारखांना ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेच्या पेनसिल्व्हेनिया शाखेचे वार्षिक अधिवेशन भरले होते. मुख्य ठिकाण होते ब्रॉड स्ट्रीटवरील बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हे १९०४ साली उघडलेले नामांकित हॉटेल. प्रतिनिधी आणि त्यांचे कुटुंबीय अशी हजारो मंडळी तेथे जमली होती. सभा झाल्या, मेजवान्या झाल्या, संचलन झाले आणि मंडळी आपापल्या गावी परतली.

त्यानंतर काही दिवसांतच निरनिराळ्या गावांतून सारख्याच वार्ता येऊ लागल्या. तीव्र ताप, डोकेदुखी, अंगदुखी, खोकला आणि पाठोपाठ न्यूमोनिया. पहिला मृत्यू २७ जुलैचा. रुग्ण राज्यभर विखुरलेले, प्रत्येक गावच्या डॉक्टरापुढे एखाद-दुसराच रुग्ण; त्यामुळे ही साथ आहे हे कोणा एकाला दिसणे कठीण होते. ऑगस्टच्या प्रारंभी मृत्यूंच्या बातम्या एकत्र आल्या, तेव्हा या सर्वांना जोडणारा एकच धागा दिसला आणि तो म्हणजे अधिवेशन. ‘लीजन’च्या सदस्यांना झालेला म्हणून वृत्तपत्रांनी या आजाराला ‘लीजनेअर्स आजार’ म्हटले आणि तेच नाव रूढ झाले.

अंतिम गणतीनुसार अधिवेशनाशी संबंधित १८२ जण आजारी पडले व त्यांपैकी २९ दगावले. याखेरीज ३९ जण असे आढळले की ज्यांनी हॉटेलात पाऊलही ठेवले नव्हते, परंतु त्या दिवसांत ते हॉटेलच्या आसपासच्या रस्त्यावरून गेले होते. त्यांपैकी पाच दगावले. एकूण २२१ रुग्ण आणि ३४ मृत्यू. शंभरातील सुमारे पंधरा रुग्ण दगावले असा याचा अर्थ होतो.

प्रश्नावली घेऊन दारोदार

अटलांटा येथील केंद्र सरकारच्या ‘सेंटर फॉर डिसीज कंट्रोल’ या संस्थेने डॉ. डेव्हिड फ्रेझर यांच्या नेतृत्वाखाली साथरोगतज्ज्ञांचे पथक पाठविले. राज्याच्या आरोग्य खात्याच्या साहाय्याने त्यांनी प्रथम एक काम केले, ते म्हणजे रुग्ण कोणाला म्हणायचे याची व्याख्या ठरविली. कोणती लक्षणे, कोणत्या तारखांना, अधिवेशनाशी कोणता संबंध, हे निश्चित केल्याशिवाय मोजणी सुरू करता येत नाही. खतावणीत कोणत्या खात्याला कोणती रक्कम टाकायची हे आधी ठरवावे लागते, तसेच हे आहे.

त्यानंतर प्रश्नावली घेऊन माणसे घरोघर गेली. आपण कोणत्या दिवशी आलात? कोठे उतरलात? कोणत्या सभेला, कोणत्या भोजनाला होता? काय खाल्ले, काय प्यायले? हॉटेलच्या दर्शनी दालनात किती वेळ होता? विशेष म्हणजे हे प्रश्न आजारी पडलेल्यांना विचारले, तसेच न पडलेल्यांनाही विचारले. या शोधाचे सारे बळ या दुसऱ्या यादीत असते. शंभर आजाऱ्यांपैकी नव्वदांनी एका मेजवानीत जेवण घेतले, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. कारण न आजारी पडलेल्या शंभरांपैकीही नव्वद तेथेच जेवलेले असू शकतात. दोन याद्यांत जिथे फरक पडतो, तिथेच शोधाची दिशा मिळते.

उत्तरे ताडून पाहता अनेक शक्यता गळून पडल्या. कोणत्याही एका भोजनाशी अथवा समारंभाशी आजाराचा मेळ बसेना, म्हणून अन्नातील विषबाधा बाजूला पडली. आजाऱ्यांच्या घरी शुश्रूषा करणाऱ्यांना आजार होत नव्हता, म्हणून तो एकापासून दुसऱ्याला लागत नाही हे स्पष्ट झाले. उलट आजारी पडलेल्यांनी हॉटेलच्या दर्शनी दालनात आणि समोरच्या पदपथावर इतरांपेक्षा अधिक वेळ घालविल्याचे दिसले. हॉटेलातील पाणी पिण्याशीही थोडा संबंध दिसत होता. परंतु बाहेरच्या बाहेर रस्त्यावरून गेलेल्यांनी ते पाणी प्यायलेच नव्हते. हॉटेलात राहणारे आणि रस्त्यावरून जाणारे या दोघांत समान अशी एकच गोष्ट उरत होती, ती म्हणजे हवा.

हॉटेलचे बहुसंख्य नोकर मात्र ठणठणीत होते. ते दीर्घकाळ तेथेच वावरत असल्याने त्यांच्या शरीरात आधीच प्रतिकारशक्ती आली असावी, असा तर्क पुढे मांडला गेला. त्या वेळी मात्र हे एक कोडेच होते.

संशयाची किंमत

माणसे मरत असताना उत्तर मिळेना, तेव्हा तर्कांना ऊत आला. त्याच वर्षी फेब्रुवारीत न्यू जर्सीतील फोर्ट डिक्स या लष्करी तळावर डुकरांशी संबंधित इन्फ्लुएन्झा आढळला होता आणि सबंध देशाला लस टोचण्याची तयारी सुरू होती. त्यामुळे पहिली भीती तीच वाटली. प्रयोगशाळेने ती लवकरच नाकारली. निकेलसारख्या विषारी धातूच्या वाफेचा संशय आला, त्याचीही तपासणी झाली. घातपाताची चर्चा झाली. वर्षअखेरीस लोकप्रतिनिधींनी तपास करणाऱ्यांना जाहीररीत्या धारेवर धरले.

हॉटेलची मात्र अवस्था अशी झाली की लोकांनी तेथे उतरणेच सोडले. दोषाचा पुरावा हाती येण्यापूर्वीच, नोव्हेंबर १९७६ मध्ये, बहात्तर वर्षे चाललेले ते हॉटेल बंद झाले. उगम न सापडल्याने काय होते, याचे हे उदाहरण संस्था चालविणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. उगम सापडला तर तो बंद करता येतो, दुरुस्त करता येतो. न सापडला तर संशय सबंध वास्तूवर आणि तेथील प्रत्येक माणसावर पसरतो.

काचपट्टीवरील काही काड्या

अटलांटाच्या प्रयोगशाळेत डॉ. जोसेफ मॅकडेड हे शास्त्रज्ञ रिकेट्सिया वर्गातील सूक्ष्मजंतूंचा अभ्यास करीत असत. दगावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांतील अंश गिनीपिग प्राण्यांना टोचले असता ते प्राणी आजारी पडत होते. त्यांच्या ऊतींच्या काचपट्ट्यांवर ऑगस्टमध्ये मॅकडेड यांना काडीच्या आकाराचे तुरळक जिवाणू दिसलेही होते. परंतु अशा नमुन्यांत इकडचे तिकडचे जिवाणू मिसळणे नेहमीचेच असल्याने त्यांना महत्त्व दिले गेले नाही. गर्भ असलेल्या कोंबडीच्या अंड्यांत जंतू वाढविण्याचाही प्रयत्न झाला होता; मात्र असे उपरे जिवाणू वाढू नयेत म्हणून अंड्यांत प्रतिजैविके घातली जात. त्या प्रतिजैविकांनी खरा गुन्हेगारच मारला जात होता.

डिसेंबरअखेर, नाताळच्या सुटीच्या दिवसांत, मॅकडेड यांनी त्या जुन्या काचपट्ट्या पुन्हा काढल्या आणि धीराने तपासल्या. एका जागी त्यांना काडीच्या आकाराच्या जिवाणूंचा पुंजका दिसला. पुंजका दिसणे याचा अर्थ ते तेथे वाढत होते. त्यांनी साठवून ठेवलेले नमुने पुन्हा घेतले, या वेळी प्रतिजैविके न घालता अंड्यांत टोचले आणि जिवाणू वाढले. आता खरी परीक्षा रुग्णांच्या रक्तद्रवाची होती. आजारातून उठलेल्यांच्या रक्तद्रवात या जिवाणूविरुद्धची प्रतिपिंडे असतील, तर गाठ पक्की बसणार होती. ती प्रतिपिंडे आढळली. आजाराच्या आरंभी कमी आणि नंतर वाढलेली अशी आढळली. १८ जानेवारी १९७७ रोजी या शोधाची घोषणा झाली. पुढे १९७९ मध्ये या जिवाणूला ‘लिजिओनेला न्यूमोफिला’ हे शास्त्रीय नाव मिळाले.

या शोधामुळे जुन्या वह्या पुन्हा उघडता आल्या. १९६५ साली वॉशिंग्टनमधील सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात ८१ जणांना न्यूमोनिया झाला होता आणि कारण सापडले नव्हते. १९६८ साली मिशिगन राज्यातील पॉन्टियाक येथे खुद्द जिल्हा आरोग्य खात्याच्याच इमारतीत १४४ जण तापाने आजारी पडले होते. सुदैवाने त्यांपैकी कोणी दगावले नाही. दोन्ही ठिकाणचे रक्तद्रवाचे नमुने जपून ठेवलेले होते. ते तपासता दोन्हींचे उत्तर एकच आले. इतकेच नव्हे, तर १९७४ साली त्याच बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात भरलेल्या दुसऱ्या एका संघटनेच्या अधिवेशनानंतरही हा आजार होऊन गेला होता, हे मागाहून उघड झाले. दोन वर्षांपूर्वी ती नोंद वेळीच लागली असती तर, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

फिलाडेल्फियातील उगमाबाबत एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. वातानुकूलन यंत्रणेच्या कूलिंग टॉवरकडे अभ्यासकांनी बोट दाखविले असले, तरी हॉटेलच्या पाण्यातून हा जिवाणू प्रत्यक्ष वेगळा काढला गेला नाही. जिवाणू ओळखला जाईपर्यंत सहा महिने लोटले होते. माणसांचे नमुने शीतपेटीत राहिले, म्हणून आजाराचे कारण सापडले. पाण्याचा पुरावा मात्र वाहून गेला.

हा जिवाणू राहतो कोठे

लिजिओनेला हा मुळात नद्या, तळी आणि ओलसर माती येथे अल्प प्रमाणात राहणारा जिवाणू. तेथे त्याचा कोणाला उपद्रव नसतो. माणसाने उभारलेल्या पाणीयंत्रणेत त्याला सोयीची जागा मिळते, तेव्हा तो वाढतो. साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअस तापमानाचे कोमट पाणी, साचून राहिलेला प्रवाह, गंज व गाळ आणि नळांच्या आतील बाजूस धरणारा बुळबुळीत थर या त्याच्या सोयी होत. पाण्यातील अमिबांच्या पोटात तो वाढतो आणि तेथे क्लोरिनपासूनही त्याचा बचाव होतो. २० अंशांखाली तो सुप्त राहतो. ६० अंशांवर तो तग धरू शकत नाही.

मात्र नुसत्या वाढीने आजार होत नाही. ते पाणी तुषारांच्या रूपाने हवेत उडावे लागते आणि ते तुषार श्वासावाटे फुप्फुसात जावे लागतात. कूलिंग टॉवर, शॉवर, कारंजी, गरम पाण्याचे बुडबुड्यांचे हौद ही अशी साधने आहेत. कूलिंग टॉवर म्हणजे वातानुकूलन यंत्रणेतील उष्णता बाहेर टाकण्यासाठी, बहुधा गच्चीवर बसविलेला मनोरा. त्यात पाणी वरून खाली झिरपते, पंख्याने हवा वर खेचली जाते आणि हवेबरोबर बारीक तुषार बाहेर पडतात. म्हणूनच ज्याने इमारतीत पाऊल ठेवले नाही, असा रस्त्याने जाणारा मनुष्यही आजारी पडू शकतो.

तुषार आत गेल्यावर दोन ते दहा दिवसांत, क्वचित त्याहून थोडे उशिरा, लक्षणे दिसू लागतात. पन्नाशी ओलांडलेल्या व्यक्ती, धूम्रपान करणारे, फुप्फुसांचे जुने विकार असलेले आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण यांना धोका अधिक. पेनिसिलिन वर्गातील औषधांचा उपयोग होत नाही. ॲझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन यांसारख्या औषधांचा होतो. त्यामुळे वेळीच शंका येणे हेच महत्त्वाचे.

आज उगम कसा शोधतात

फिलाडेल्फियानंतरच्या काळात या शोधाची रीत पक्की झाली. तिचे टप्पे असे सांगता येतील.

प्रथम रुग्ण निश्चित करतात. लघवीच्या तपासणीतून हा आजार त्याच दिवशी ओळखता येतो. तथापि ही तपासणी मुख्यत्वे एकाच, सर्वाधिक आढळणाऱ्या उपप्रकारापुरती असते आणि तिच्यातून जिवाणू हाती लागत नाही. म्हणून रुग्णाचा बेडका घेऊन त्यातून जिवाणू वाढविणे आवश्यक ठरते; पुढे पाण्यातील जिवाणूशी ताडून पाहण्यासाठी तोच उपयोगी पडतो. दुसरा टप्पा म्हणजे आजारापूर्वीच्या चौदा दिवसांत रुग्ण कोठे राहिला, कोठे गेला, कोणत्या रस्त्याने गेला, हे विचारून नकाशावर नोंदणे. तिसरा टप्पा, निरोगी व्यक्तींची तशीच माहिती घेऊन तुलना करणे. त्याच वेळी वाऱ्याची दिशा व हवामान पाहिले जाते. चौथा टप्पा, संशयित यंत्रणांतील पाण्याचे नमुने घेणे; आणि हे नमुने निर्जंतुकीकरणापूर्वीच घेणे. आधी साफसफाई केली तर पुरावा नष्ट होतो आणि नमुना घेतल्यावर साफसफाईस विलंब केला तर माणसे आजारी पडत राहतात. म्हणून नमुना व उपाय ही दोन्ही कामे एकामागोमाग ताबडतोब करावी लागतात. अखेरचा टप्पा म्हणजे रुग्णांतील आणि पाण्यातील जिवाणूंची आनुवंशिक ओळख पटते का, हे पाहणे. लिजिओनेला अनेक ठिकाणच्या पाण्यात थोडाफार सापडतो. म्हणून तो सापडला एवढ्याने दोष सिद्ध होत नाही, तोच सापडला पाहिजे.

स्पेनमधील मुर्सिया शहरात २००१ च्या उन्हाळ्यात या आजाराची तोपर्यंतची सर्वांत मोठी साथ आली. आठशेंहून अधिक संशयित रुग्ण होते व त्यांपैकी ४४९ निश्चित ठरले. ८५ रुग्ण आणि त्यांच्या तुलनेसाठी १७० निरोगी व्यक्ती यांच्या हालचाली ताडून पाहता संशय शहरातील एका रुग्णालयाच्या कूलिंग टॉवरवर आला आणि तेथील जिवाणू रुग्णांतील जिवाणूंशी तंतोतंत जुळले. त्या साथीत मृत्यूंचे प्रमाण मात्र सुमारे एक टक्काच राहिले. फिलाडेल्फियातील शंभरात पंधरा कोठे आणि येथील शंभरात एक कोठे! लवकर निदान आणि योग्य औषध यांचा या फरकात मोठा वाटा आहे.

उत्तर फ्रान्समधील पा-द-काले भागात नोव्हेंबर २००३ ते जानेवारी २००४ या काळात ८६ जण आजारी पडून १८ दगावले. उगम एका रसायन कारखान्याच्या कूलिंग टॉवरमध्ये होता आणि तुषारांचा प्रसार किमान सहा किलोमीटरपर्यंत झाल्याचे दिसून आले. साथ ओसरत असताना ती पुन्हा उसळली. कारण टॉवरची स्वच्छता करताना वापरलेल्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनीच तुषार हवेत उडाले होते. सफाई करायचीच, पण ती कशी करायची हेही जाणून करावी लागते, असा याचा बोध आहे.

न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्स भागात २०१५ साली १३८ जण आजारी पडले व १६ दगावले. तेथे जिवाणूंची संपूर्ण जनुकीय मांडणी वाचून, एका हॉटेलच्या कूलिंग टॉवरपर्यंत माग काढला गेला. त्याच वर्षी शहराने प्रत्येक कूलिंग टॉवरची नोंदणी व नियमित तपासणी कायद्याने बंधनकारक केली. असे असूनही २०२५ च्या उन्हाळ्यात त्याच शहरातील सेंट्रल हार्लेममध्ये ११४ जण आजारी पडून सात दगावले आणि जिवाणूंची ओळख जुळलेल्या दोन ठिकाणांपैकी एक सार्वजनिक रुग्णालय होते. कायदा असला, नोंदणी असली, तरी रोजची देखभाल ज्या हातांत आहे त्या हातांवरच शेवटी सारे अवलंबून असते.

रुग्णालयाने का सावध राहावे

वरील उदाहरणांत रुग्णालयाचे नाव पुन्हा पुन्हा येते, हे आपल्या ध्यानी आले असेल. त्यास कारण आहे. मोठी इमारत, लांबच लांब नळमार्ग, बंद ठेवलेल्या खोल्या, गच्चीवरील टाक्या, केंद्रीय वातानुकूलन, आणि या साऱ्यांच्या सान्निध्यात सर्वांत दुर्बल अशी माणसे, असा योग रुग्णालयातच जुळून येतो. १९८० साली इंग्लंडमधील एका प्रत्यारोपण विभागातील रुग्णांच्या न्यूमोनियाचा माग काढता जिवाणू तेथील शॉवरच्या पाण्यात मिळाला होता. ज्या स्नानगृहाकडे कोणी संशयाने पाहिलेही नसते, तेच उगमस्थान निघाले.

आपल्याकडील हवामान पाहता विषय अधिक निकडीचा ठरतो. थंड देशांत नळाचे थंड पाणी २० अंशांखाली राखता येते. आपल्या गच्चीवरील टाक्यांतील पाणी वर्षातील बहुतेक काळ त्याहून उष्ण असते, म्हणजे जिवाणूला मानवणाऱ्या तापमानातच असते. शिवाय न्यूमोनियाच्या प्रत्येक रुग्णाची या आजारासाठी तपासणी होतेच असे नाही; आणि जे तपासले जात नाही ते आढळतही नाही. वहीत नोंद नाही याचा अर्थ व्यवहार झालाच नाही, असा कोणताही हिशेब तपासनीस धरून चालत नाही.

यास्तव रुग्णालयाच्या देखभाल विभागासाठी पुढील बाबी आवश्यक मानल्या पाहिजेत. साठविलेले गरम पाणी ६० अंशांवर ठेवणे आणि ते नळापर्यंत ५० अंशांहून अधिक तापमानाने पोहोचविणे. रुग्णास भाजू नये म्हणून नळाशी थंड पाणी मिसळण्याची सोय करणे. विजेची बचत म्हणून साठवणीचे तापमान उतरविण्याचा मोह होतो. ती बचत फसवी आहे. वापरात नसलेल्या खोल्यांतील नळ व शॉवर आठवड्यातून किमान एकदा पुरेसा वेळ वाहू देणे. दुरुस्तीनंतर मागे राहिलेले, पुढे बंद असलेले नळाचे तुकडे कापून टाकणे. टाक्या झाकलेल्या ठेवून नियमाने धुणे, शॉवरच्या जाळ्यांवरील क्षार काढणे. कूलिंग टॉवरमध्ये तुषार अडविणाऱ्या जाळ्या सुस्थितीत ठेवणे आणि पाण्यावर नियमित जंतुनाशक प्रक्रिया करणे. प्राणवायूच्या बाटल्यांत व वाफ देण्याच्या उपकरणांत नळाचे पाणी न वापरता निर्जंतुक पाणीच वापरणे. आणि या प्रत्येक कामाची तारीख, तापमान व करणाऱ्याची सही नोंदवहीत घेणे. त्या सहीच्या मागे काम खरोखर झाले आहे ना, हे अधूनमधून कोणी जाऊन पाहणे.

नातेवाइकांना एक विनंती

आपल्या रुग्णास न्यूमोनिया झाला असता डॉक्टर अथवा परिचारिका आपणास काहीसे अनपेक्षित प्रश्न विचारतील. गेल्या दोन आठवड्यांत प्रवास झाला होता का? कोणत्या लॉजवर अथवा हॉटेलात मुक्काम होता? कामाच्या ठिकाणी कूलिंग टॉवर आहे का? घरी बरेच दिवस बंद असलेला शॉवर वापरला का? अन्य रुग्णालयात दाखल होता का? हे प्रश्न कोणावर दोष ठेवण्यासाठी अथवा खाजगी बाबींत डोकावण्यासाठी नसतात. आपण आठवून सांगितलेली एखादी तारीख दुसऱ्या गावातील दुसऱ्या रुग्णाच्या तारखेशी जुळू शकते आणि त्यातून तिसऱ्याचा जीव वाचू शकतो. फिलाडेल्फियात घरोघर विचारलेल्या अशाच प्रश्नांनी वाट दाखविली.

तसेच या रुग्णाजवळ बसण्यास, त्याची सेवा करण्यास भिण्याचे कारण नाही. २०१४ साली पोर्तुगालमधील एका साथीत एकापासून दुसऱ्यास लागण झाल्याची शक्यता नोंदविली गेली. अशी नोंद अपवादात्मकच आहे.

न दिसणारा खर्च

शेवटी, माझ्या अखत्यारीतील विषयाकडे येतो. उदार हस्ते मिळालेल्या देणग्यांतून खाटा, यंत्रे, शस्त्रक्रियागृहे उभी राहतात आणि त्यांवर दात्यांची नावे कृतज्ञतेने कोरली जातात. नळमार्ग बदलणे, टाकी धुणे, पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत पाठविणे, टॉवरची निगा राखणे या कामांवर कोणाचे नाव कोरता येत नाही. हा खर्च दरवर्षी होतो आणि त्यातून डोळ्यांना दिसेल असे काहीच निर्माण होत नाही. खर्चाच्या पत्रकात काटछाट करण्याची वेळ आली की हात प्रथम याच रकमेकडे वळतो. कारण ती कापल्याने त्या वर्षी काहीच बिघडल्याचे दिसत नाही.

परंतु वर वर्णिलेल्या साथींत जे शेकडो लोक अंथरुणाला खिळले, त्यांच्या व्यथेचे मूळ कोठल्यातरी टाकीत, कोठल्यातरी न धुतलेल्या टॉवरमध्ये होते. उगम शोधण्याची विद्या आता पुष्कळ पुढे गेली आहे. तरीही ती नेहमी घटनेनंतरच कामास येते. माणूस आजारी पडल्यावर जिवाणूचा माग काढण्यापेक्षा, तो वाढूच नये अशी यंत्रणा राखणे हे अधिक स्वस्त आणि अधिक मानवतेचे आहे. यासाठी पाणीयंत्रणेच्या देखभालीची तरतूद किरकोळ दुरुस्तीच्या शीर्षाखाली न ठेवता स्वतंत्र शीर्षाखाली दाखवावी आणि काटकसरीच्या वर्षीही तिला हात लावू नये, अशी विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे. ज्या दात्यांना आपल्या देणगीचा विनियोग अशा नाव न कोरता येणाऱ्या कामासाठी व्हावा असे वाटते, त्यांनी देणगी देताना तसे नमूद करावे.

स्वच्छ पाण्याचा नळ सोडल्यावर रुग्णाच्या मनात कोणतीही शंका येत नाही. ती न येणे हाच आपल्यावरील विश्वास आहे. 

आपला विनम्र,
व्यवस्थापक